चालक कोण, ते सांगायचं नाही

२८ एप्रिल २०२३, शुक्रवार. सकाळी ११.१०
रोजनिशी सुरू. निवृत्तीच्या दिवशी घेतलेली ही वही तीन महिने कोरी होती, कारण लिहिण्याजोगं काही घडलंच नाही. आज घडलं.

वॉर्डमार्क पार्किंग नावाच्या कुठल्याशा कंपनीचं पत्र. पिवळी किनार, काळे चौकोन, पोलिसांनीच धाडल्यासारखा थाट. पण नीट वाचलं तर 'दंड' हा शब्द कुठेही नाही, 'आकार' आहे. दंड सरकार करतं. आकार कोणीही सोमागोमा लावतो.

आमची गाडी २० तारखेला, गुरुवारी, ब्रिजगेट शॉपिंग पार्कमध्ये सकाळी १०.१२ ला आत गेली आणि दुपारी २.४७ ला बाहेर पडली म्हणे. कॅमेऱ्याचे दोन फोटो जोडलेत. फुकट मुदत दोन तास. आकार शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ.

शक्यच नाही. गुरुवारी गाडी माझी बायको ग्लेनिस नेते, चॅपलच्या गायनमंडळाला. ग्लेनिस वेल्श आहे, गाण्याशिवाय तिचं पान हलत नाही. येता येता फार तर एखादा बल्ब घेतला असेल.

तिला पत्र दाखवलं. बराच वेळ हातच पुसत राहिली. मग म्हणाली, भरून टाक ना नेव्हिल, मी देते माझ्यातले. म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, तुझा प्रश्न नेहमी तत्त्वाचाच असतो. बऱ्याच दिवसांनी कौतुक केलं.

कौन्सिलच्या वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. खाटकांचे काटे, पबमधले ग्लास, पेट्रोलचे पंप. वॉर्डमार्कवाल्यांना कल्पना नाही कुणाशी गाठ आहे ते.

२९ एप्रिल, शनिवार
इंटरनेटवर एक मंच सापडला. पार्किंग कंपन्यांशी झुंजणारे शेकडो लोक, आणि सगळे माझ्यासारखेच समंजस. तिथले वडीलधारे म्हणजे 'पिवळी रेघ ६३' या नावाने लिहिणारे गृहस्थ. त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं. घरात मला पाच मिनिटांत चहासुद्धा मिळत नाही.

पहिला नियम: गाडी कोण चालवत होतं ते मरेपर्यंत सांगायचं नाही. गाडी कुणाच्या नावावर आहे एवढंच कंपनीला कळतं. तो 'वाहनधारक', म्हणजे मी. 'चालक' कोण हे तिला माहीत नसतं. म्हणून 'मी' लिहायचं नाही, 'तो' लिहायचं नाही, 'ती' तर नाहीच.

उद्या कोर्टाने ही वही मागवली तर? तेव्हा आजपासून इथेही फक्त 'चालक'. आणि क्रियापदावरून बाई की बुवा कळू नये म्हणून आदरार्थी बहुवचन. चालक आले, चालक जेवले. चौतीस वर्षांच्या संसारात ~~ग्लेनिसला~~ चालकांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

हे चालकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मी आता घरात आहे की नाही ते एकदा सांग. विनोदबुद्धी शाबूत आहे.

१ मे, सोमवार. बँक हॉलिडे
'पिवळी रेघ' म्हणतात, ही उघड उघड 'दुहेरी फेरी' आहे. गाडी सकाळी आत गेली, थोड्या वेळाने बाहेर पडली. दुपारी पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कॅमेऱ्याने मधली दोन टोकं गाळली आणि दोन छोट्या फेऱ्यांची एक लांबलचक केली. या कंपन्यांचा नेहमीचा घोळ.

तंतोतंत बसतं. १०.१२ बल्ब. अकरा ते एक गाणं. नंतर पुन्हा ब्रिजगेट, बहुधा बल्ब चुकीचा निघाला म्हणून.

चालकांना विचारलं, दोनदा गेला होतात ना? ते म्हणाले, आठवत नाही. बल्ब कुठाय विचारलं तर म्हणाले, नेव्हिल, मला जरा भांडी घासू दे. भांडी धुण्याचं मशीन मी कालच शास्त्रशुद्ध भरलं होतं. चालकांनी सगळी बाहेर काढली आणि हाताने घासली.

संकल्प: पंधरा दिवसांत निकाल लावायचा.

७ मे, रविवार
नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने गल्लीत पंगत. टेबलं रस्त्यावर, कागदी झेंडे, सँडविचेस ओली. शेजारच्या सिड ओलरेनशॉला वाहनधारकाची जबाबदारी समजावून सांगितली. त्याने पाऊण तास ऐकलं आणि म्हणाला, अरे बाबा, शंभरच्या ठिकाणी साठ भर आणि मोकळा हो, उगाच कशाला उंटाच्या शेपटीचा मुका घेतोस? सिड आयुष्यभर बस चालवत होता. त्याच्याकडून तत्त्वाची अपेक्षा नाही.

चालक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांना गायचा आग्रह झाला. ते म्हणाले, आवाज गेलाय माझा, सवय राहिली नाही. दर गुरुवारी दोन तास गाऊनही सवय नाही! वेल्श लोकांचा विनय.

११ मे, गुरुवार
कंपनीकडे अपील धाडलं. सहा पानं. कलम १: दुहेरी फेरी. सवलतीची मुदत उद्या संपते. संपू दे.

चालक साडेनऊलाच गाण्याला गेले. घर शांत होतं, म्हणून मसाल्यांचे डबे वर्णानुक्रमाने लावले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. शिवाय एक टायमर आणलाय. चालक अंडं अंदाजाने उकडतात, मी मोजून पाहिलं, कधी चार मिनिटं, कधी पाच. आता हयगय नाही. संध्याकाळी चालकांनी डबे पाहिले आणि काही बोलले नाहीत. कौतुकाला शब्द सापडत नसावेत.

३० मे, मंगळवार
अपील फेटाळलं. उत्तम! मंचावर सगळे म्हणतात, पहिलं अपील फेटाळतातच. खरी लढाई स्वतंत्र अपील मंडळापुढे. मुदत २६ जून.

'पिवळी रेघ' म्हणतात, गाडी मधल्या वेळात दुसरीकडे होती याचा पुरावा आणा. गायनमंडळाचं हजेरीपुस्तक असेल तर सोन्याहून पिवळं. मला आधी का सुचलं नाही?

चालकांना सांगितलं की गायनमंडळाच्या मुख्य बाईंकडून दाखला आणतो. ते चटकन म्हणाले, नको, त्यांना कशाला त्रास. मग पुन्हा म्हणाले, नेव्हिल, मी खरंच विनवते, नको. भिडस्त स्वभाव.

२ जून, शुक्रवार. दुपारी ३
चॅपलमध्ये जाऊन मिसेस ब्रॅम्हॉल यांना भेटलो. गायनमंडळ त्याच चालवतात. हजेरीपुस्तक मागितलं. म्हणाल्या, अहो मिस्टर होल्ड्सवर्थ, ग्लेनिस फेब्रुवारीपासून आलीच नाहीये. मला वाटलं, तुम्ही आता घरी असता म्हणून तिने सोडलं. बरी आहे ना ती?

म्हटलं, अगदी ठणठणीत.

हजेरीपुस्तक पाहिलं. शाळकरी वही, पेन्सिलने खुणा, बेरीज कुठेच नाही. असल्या पुस्तकाला माझ्या खात्यात कोणी हात लावला नसता. असली नोंद पुरावा धरता येत नाही. कलम १ मधून हजेरीचा मुद्दा वगळतो, बाकी सिद्धांत कायम.

फेब्रुवारीत काय झालं असेल? ३१ जानेवारीला मी निवृत्त झालो, एवढंच आठवतं.

४ जून, रविवार
चालकांना सहज विचारलं, गाणं कसं चाललंय? म्हणाले, छान. काय बसवताय? म्हणाले, जुनीच काहीतरी. डोळे बशीवर.

मिसेस ब्रॅम्हॉल यांचं वय झालंय. विसरत असतील.

८ जून, गुरुवार. दुपारी ४.४०
आज बसने ब्रिजगेटला गेलो. काम: पाट्यांवरच्या अक्षरांची उंची मोजणे. सोबत पोलादी पट्टी, कॅमेरा, वही. गाडी अर्थात चालकांकडे.

प्रवेशाजवळच्या पाटीत 'दोन तास' ४२ मिलिमीटर, 'शंभर पौंड' फक्त ११ मिलिमीटर. घबाडच. पाटी क्रमांक ४ रंगांच्या दुकानापलीकडे, झाडाखाली. तिकडे गेलो.

झाडाखाली आमची गाडी होती. वेळ ११.३५.

चालक आत होते. सीट मागे रेललेली, बूट काढलेले, पाय डॅशबोर्डवर. मांडीवर फॉइलमध्ये अंड्याचं सँडविच. रेडिओ चालू असावा, कारण त्या हसत होत्या. एकट्याच. खूप हसत होत्या, डोळे पुसत. काचा बंद होत्या त्यामुळे आवाज आला नाही.

ती अशी हसते हे मी विसरलो होतो.

दहा-बारा पावलांचं अंतर. जावं की न जावं? मंचाचा नियम आठवला: वाहनधारकाने चालकाच्या शेजारी कॅमेऱ्यात सापडू नये. पाटी क्रमांक ४ मोजली (११ मिलिमीटर) आणि बस पकडली.

सव्वातीनला चालक घरी आले. म्हणाले, आज गाणं छान झालं.

मी म्हटलं, वा.

९ जून, शुक्रवार
दुहेरी फेरी नव्हती. एकच फेरी होती. लिहून ठेवलं, आता उद्या याचा विचार करू नये.

कारणं असू शकतात. पाय दुखत असतील. त्या रेडिओवर काही खास लागत असेल. घरातला रेडिओ मी बातम्यांवर लावून ठेवतो हे खरं आहे, पण मागितला असता तर दिला असता.

मंचावर लिहिलं: समजा चालक चार तास गाडीत नुसतेच बसून होते, का, ते वाहनधारकाला माहीत नाही, तर वाहनधारकाने काय करावं? 'पिवळी रेघ' यांचं उत्तर आलं: का बसले हा मुद्दाच नाही, सही कुठे करू नका, पाट्यांवर भर द्या.

१२ जून, सोमवार
संकल्प: दर गुरुवारी दहा ते तीन मी घराबाहेर राहायचं. लायब्ररी, सिडकडे, कुठेही. म्हणजे घर तिला. चालकांना. अगदी सोपं आहे. आज जेवताना सांगणार.

जेवताना सांगायला गेलो आणि तोंडून निघालं, बटाटे जरा जास्त शिजलेत. त्यानंतर प्रसंग योग्य नव्हता.

१४ जून, बुधवार
न बोलता सांगता येईल अशी युक्ती सुचली. तिला तिथे बसायचंय ना? बसू दे. पण दुसरा आकार नको लागायला. टायमर एक तास पन्नास मिनिटांवर लावायचा, सुरू कसा करायचा ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि गाडीच्या खणात ठेवायचा. वाजला की बाहेर पडायचं, रस्त्याला एक वळसा घालायचा, पुन्हा आत. म्हणजे खरीखुरी दुहेरी फेरी! चिठ्ठीत शेवटी लिहिलं, 'सावकाश बस. नेव्हिल.'

लग्नानंतर मी तिला लिहिलेली ही बहुधा पहिलीच चिठ्ठी. ती ओळखेल की मला कळलंय आणि माझी हरकत नाही. मनाचा मोठेपणा यालाच म्हणतात.

१५ जून, गुरुवार. दुपारी १
चालक साडेअकरालाच परत आले. टायमर माझ्यापुढे टेबलावर ठेवला. कोट काढला नाही.

म्हणाली, तुला कधीपासून माहीत आहे? म्हटलं, गेल्या गुरुवारपासून. कसं? म्हटलं, पाट्या मोजायला आलो होतो. तू मला पाहिलंस? म्हटलं, हो. मग? म्हटलं, मग बस पकडली.

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला निदान पाणी आणून देता आलं असतं.

म्हणाली, गाणं मी सोडलं, कारण तू माझ्या जाण्यायेण्याचे तक्ते करायला लागलास, आणि परत आले की किती मिनिटं उशीर ते सांगायचास. मग वाटलं, कुठेतरी नुसतं बसावं, जिथे मला कोणी मोजणार नाही. तर तिथे कॅमेरा निघाला. हे म्हणताना किंचित हसलीसुद्धा. मग म्हणाली, वेडे असतो बघ आपण, काही गुरुवारी मला वाटायचं, एखाद्या दिवशी हा शोधत येईल. दार उघडून शेजारी बसेल आणि विचारेल, काय झालं गं? आणि तू आलास, नेव्हिल. आलास, आणि पाटी मोजून गेलास.

म्हटलं, अंतर दहा-बारा पावलांचंच होतं.

हे मी का म्हटलं मला माहीत नाही.

१९ जून, सोमवार
घरात शांतता. अपिलाचं काम वेगात. चौदा पानं. ती वरच्या खोलीत काहीतरी आवरते आहे. उन्हाळ्याचे कपडे काढत असावी.

२२ जून, गुरुवार. सकाळी १०.०५
उन्हाळ्याचे कपडे नव्हते.

एक बॅग. टॅक्सी बोलावली होती. म्हटलं, गाडी घेऊन जा. म्हणाली, नको, तुझ्या नावावर आहे. म्हटलं, कुठे निघालीस? म्हणाली, पोचले की कळवीन, आणि पोचले असं वाटेपर्यंत कळवणार नाही. राग नव्हता तिच्या आवाजात. रागाला उत्तर देता येतं.

दारात थांबली आणि म्हणाली, फ्रिजमध्ये मांस-बटाट्याची पाय भाजून ठेवलीये, दोन दिवस पुरेल. तापमान तुझं तू बघशीलच.

काय म्हणायचं होतं ते आत्ता, लिहिताना सुचतंय. तेव्हा मी टॅक्सीचा नंबर टिपून घेत होतो.

२३ जून, शुक्रवार
अंदाज: रविवारपर्यंत परत येईल. स्वान्सीला बहिणीकडे, नेरिसकडे, गेली असणार. दोन दिवसांच्या वर त्या दोघींचं पटत नाही.

२६ जून, सोमवार
आली नाही. नेरिसला फोन केला. म्हणाली, इथे नाहीये ती. सुखरूप आहे, एवढंच सांगायला सांगितलंय मला. पत्ता विचारलास तर फोन ठेवीन. मी पत्ता विचारला.

अपिलाचा आज शेवटचा दिवस. कलम १, दुहेरी फेरी, अजून तसंच होतं. 'पिवळी रेघ' म्हणतात, राहू द्या, खोटं आहे हे त्यांना कुठे सिद्ध करता येतंय. पण एकतीस वर्षांत मी खोट्या मापावर शिक्का मारलेला नाही. कलम १ काढून टाकलं. अक्षरांची उंची तेवढी ठेवली. पाठवलं.

९ जुलै, रविवार
सिड वाफाळती मीट अँड पोटॅटो पाय घेऊन आला. बसला. मी पाट्यांबद्दल बोलत होतो. मध्येच म्हणाला, नेव्हिल, राजा, ती गेलीये रे. म्हटलं, काही दिवसांसाठी. तो म्हणाला, बरं. आणि मग बराच वेळ पाट्यांबद्दल ऐकून घेतलं. सिडबद्दल मी पूर्वी जे लिहिलं ते मागे घेतो.

१३ जुलै, गुरुवार
गाडी घेऊन ब्रिजगेटला गेलो. १०.१२ ला आत. झाडाखाली लावली. बूट काढले, सीट मागे केली. रेडिओ ती लावायची त्याच स्टेशनवर होता. दोन माणसं काहीतरी विनोद करत होती. मला हसू आलं नाही, पण बंदही केला नाही.

इथून घर दिसत नाही, चॅपल दिसत नाही. समोर रंगांचं दुकान, त्याची मागची भिंत. बघायला काही म्हणजे काहीच नाही. एवढ्यासाठी ती यायची. आमच्या घरात तिला एवढंसुद्धा नव्हतं, आणि ते कुणी हिरावून घेतलं हे मला कळतं. मी मूर्ख आहे, पण इतका नाही.

कोणी दहा-बारा पावलांवर उभं आहे का ते दोनदा वळून पाहिलं.

१२.०५ ला बाहेर पडलो. मुदतीत.

८ ऑगस्ट, मंगळवार
अपील मंडळाचा निकाल. अपील नामंजूर. अक्षरं वाचता येण्याजोगी आहेत. गाडी सलग चार तास पस्तीस मिनिटं उभी होती. चालकाचं नाव आणि पत्ता दिलेला नाही, सबब जबाबदारी वाहनधारकाची. अठ्ठावीस दिवसांत शंभर पौंड भरावेत, नाहीतर कोर्ट.

मंचावर कळवलं. 'पिवळी रेघ' म्हणाले, अजून मार्ग आहे, कोर्टाचा दावा लागायच्या आत चालकाचं नाव-पत्ता द्या, तुम्ही सुटलात. सिडही तेच म्हणाला, घरात नाही तर नाही, नाव तरी उपयोगी पडू दे. मग लगेच जीभ चावली.

११ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ११
कंपनीचं पान उघडलं. प्रश्न एकच: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं?

पर्याय एक, दुसरी व्यक्ती. नाव लिहिलं. ग्लेनिस एलुनेड होल्ड्सवर्थ. साडेतीन महिन्यांनी पूर्ण नाव लिहिताना बरं वाटलं. खाली रकाना: या व्यक्तीचा सध्याचा पत्ता. त्यात मी आमचा पत्ता लिहिला. घर नंबर, गल्ली, पोस्टकोड, सगळं. यंत्राने मुकाट्याने घेतलं, हिरवी खूणही केली. ती हिरवी खूण बघत बसलो.

पण माप खोटं होतं. पुसलं. दुसरा कुठलाही पत्ता मला माहीत नाही. रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं.

म्हणून दुसरा पर्याय निवडला. चालक मीच होतो.

शंभर पौंड भरले. पडद्यावर आलं, धन्यवाद, आपलं प्रकरण आता बंद करण्यात आलं आहे. खाली विचारलं होतं, आपला अनुभव कसा वाटला, एक ते पाच. बराच वेळ विचार करून दोन दिले.